ग्वादालाहारा: एका स्पॅनिश नावाचा अर्थ आणि त्याचा मराठीतील वापर

स्पॅनिशमधील एका प्रवासलेखाचा मराठी अनुवाद करणाऱ्या एका तरुण अनुवादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लेखात ‘ग्वादालाहारा’ हे शहराचे नाव वारंवार येते. त्याचा अर्थ ‘दगडांची दरी’ असा कोठेतरी वाचायला मिळाला, आणि त्यातील पहिला भाग अरबी ‘वादी’ असल्याचे कळल्यावर आपल्याकडील ‘वाडी’शी त्याचे नाते असावे, असे अनुवादकाला वाटले. तर हा अर्थ बरोबर आहे का, वाडीशी असलेले नाते खरे आहे का, नाव मराठीत कसे लिहावे, आणि अर्थ माहीत झाल्यावर त्याचे भाषांतर करावे की नाव तसेच ठेवावे?

मी बरीच वर्षे स्पॅनिश शिकवतो आणि स्पॅनिशमधून मराठीत अनुवाद करतो. स्थलनामांचा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही, कारण वाचकाच्या मनात परका प्रदेश उभा राहतो तो बऱ्याच अंशी नावांमधूनच. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

अर्थापासून सुरुवात करू. ‘वादी अल्-हिजारा’ हे या नावाचे अरबी मूळ आहे आणि त्याबद्दल अभ्यासकांत मतभेद नाही. ‘हिजारा’ हे ‘हजर’ म्हणजे दगड या शब्दाचे अनेकवचन आहे. काबागृहातील ‘हजर-ए-अस्वद’ म्हणजे काळा दगड, हे नाव अनेक मराठी वाचकांनी ऐकलेले असते. त्यातला ‘हजर’ तो हाच. येथे दोन ठिकाणी पाय घसरण्याची शक्यता आहे. मराठीत आपण उपस्थित या अर्थाने ‘हजर’ म्हणतो, तो शब्द अरबी ‘हाजिर’वरून फारसीमार्गे आलेला असून त्याचा दगडाशी काहीही संबंध नाही. तसेच ‘हिजरी सन’ यातील ‘हिजरी’ हा शब्द स्थलांतर दाखवणाऱ्या वेगळ्या धातूपासून आला आहे. अरबी लिपीत ‘हिजारा’चा ‘ह’ आणि ‘हिजरी’चा ‘ह’ ही दोन निरनिराळी अक्षरे आहेत आणि त्यांचे उच्चारही निराळे आहेत. देवनागरीत दोन्ही एकाच अक्षराने लिहिली जातात म्हणून ती नात्यातली भासतात.

‘वादी’ या शब्दाचा अर्थ सांगताना ‘दरी’ हा मराठी शब्द वापरला जातो तो अपुरा आहे. अरबस्तानात वादी म्हणजे पावसाळी पाण्याचा प्रवाह आणि तो ज्या खोलगट भूभागातून जातो तो भूभाग, अशी दोन्ही मिळून एक कल्पना आहे. एरवी कोरडे असणारे नदीचे पात्रही वादीच. अरबी बोलणारे लोक आठव्या शतकात इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, पोहोचल्यावर त्यांना तेथे बारमाही वाहणाऱ्या मोठ्या नद्या दिसल्या आणि त्यांच्यासाठीही त्यांनी हाच शब्द वापरला, त्यामुळे तेथील, म्हणजे अंदालुसी, अरबीत ‘वादी’चा अर्थ मुख्यतः ‘नदी’ असा झाला. मराठीत दरी म्हटले की सह्याद्रीचा तुटलेला कडा आणि खाली दिसणारी खोली डोळ्यांपुढे येते, आणि वादीत तसे काही नाही. आपल्याकडे ‘कृष्णा खोरे’, ‘मुठा खोरे’ म्हणताना नदी आणि तिचा प्रदेश एकत्र धरला जातो, म्हणून ‘खोरे’ हा शब्द या कल्पनेच्या सर्वांत जवळचा आहे. मी स्वतः या नावाचा अर्थ ‘दगडगोट्यांच्या नदीचे खोरे’ असा देतो, आणि जागा कमी असेल तर ‘दगडांची नदी’ असे लिहितो.

वाडीचे नाते मात्र सोडून द्यावे लागेल. आपली ‘वाडी’ संस्कृत ‘वाट’, ‘वाटिका’ या शब्दांवरून, म्हणजे कुंपण घातलेली जागा, बाग या कल्पनेतून आली आहे. माडांची वाडी, सावंतवाडी, वाडीवस्ती या साऱ्यांच्या मुळाशी कुंपण आणि लागवड आहे, नदी नाही. अरबी ‘वादी’चे खरे भावंड हवे असेल तर ते हिंदी-उर्दूत आहे. काश्मीरच्या संदर्भात ‘वादी’, ‘वादियाँ’ हे शब्द आपण नेहमी ऐकतो. ते फारसीमार्गे आलेले हेच अरबी ‘वादी’ होय. दोन शब्दांच्या आवाजातील साम्य पाहून नाते जोडण्याचा मोह मराठी माणसाला फार होतो, आणि या बाबतीत अर्थही ‘गावाशी संबंधित काहीतरी’ असा जुळल्यासारखा वाटतो, म्हणून हा मुद्दा स्पष्ट केला.

आता ‘वादी अल्-हिजारा’चे ‘ग्वादालाहारा’ कसे झाले ते पाहू, कारण मराठी लेखनाचा प्रश्न याच प्रवासाशी बांधलेला आहे. शब्दाच्या आरंभी येणारा ‘व’ (दोन ओठांचा, ‘उअ’सारखा) स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘ग्व’ होत असे. जर्मानिक भाषांतून आलेल्या शब्दांतही हेच झाले आहे. म्हणून ‘वाद्’चे ‘ग्वाद्’ झाले. अरबीतील घशातून येणारा ‘ह’ जुन्या स्पॅनिशमध्ये नव्हता, आणि लोकांनी त्याच्या जागी आपल्याला येणारा ‘फ’ घातला. एल् सिद या योद्ध्याच्या पराक्रमांवरील मध्ययुगीन कास्तिलियन (म्हणजे जुन्या स्पॅनिशमधील) काव्यात हे नाव ‘ग्वादालफाझारा’ अशा रूपात येते, आणि तेथे हा ‘फ’ अजून जिवंत आहे. पुढे कास्तिलियनमध्ये शब्दांतला असा ‘फ’ मोठ्या प्रमाणावर ‘ह’ झाला आणि मग उच्चारातून नाहीसाही झाला. लॅटिन ‘फारिना’, म्हणजे पीठ, आज ‘आरिना’ असे उच्चारले जाते ते याच कारणाने. त्याच वाटेने ‘ग्वादालफाझारा’मधील ‘फ’ गेला. राहिला अरबी ‘ज’. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये तो मऊ ‘झ’सारखा होता, नंतर ‘श’कडे झुकला, आणि सोळाव्या-सतराव्या शतकांत घशातून घासत येणाऱ्या ‘ख’सारख्या ध्वनीत बदलला. लिपीत अक्षर तेच राहिले. मराठी वर्तमानपत्रांत कधी कधी ‘ग्वादालाजारा’ असे छापलेले दिसते. ते आजच्या स्पॅनिश उच्चाराप्रमाणे चूक आहे, पण त्या ‘ज’च्या जागी मुळात खरोखरच अरबी ‘ज’ होता.

ज्या शहराला हे नाव प्रथम मिळाले ते स्पेनमध्ये, माद्रिदच्या ईशान्येस सुमारे साठ किलोमीटरवर आहे. त्याच्या नावांच्या थरांबद्दल थोडे सांगतो. रोमन मार्गसूचीत या परिसरात ‘अर्रियाका’ नावाचा मुक्काम नोंदलेला आहे. बास्क भाषेत ‘हार्री’ म्हणजे दगड, आणि त्याच्याशी ‘अर्रियाका’ जोडून ते जुने नावही ‘दगडांचे ठिकाण’ असेच असावे आणि अरबांनी त्याचे भाषांतर केले असावे, असा तर्क काही अभ्यासक मांडतात. तर्क मोहक आहे, परंतु तो तर्क म्हणूनच सांगावा. अनुवादकाने तळटीपेत तो सिद्ध गोष्ट म्हणून देऊ नये. अरबी काळात याच गावाला ‘मदीनत अल्-फरज’, म्हणजे फरजचे नगर, असेही म्हणत. १०८५ साली सहाव्या आल्फोन्सोने तोलेदो घेतले त्याच सुमारास हे शहर ख्रिस्ती सत्तेखाली आले. परंपरा त्याचे श्रेय आल्वार फान्येस या सरदाराला देते. सत्ता बदलली तरी अरबी नाव टिकले. मजेची गोष्ट अशी की नदीचे नाव मात्र बदलले. शहराजवळून वाहणाऱ्या नदीला आज ‘एनारेस’ म्हणतात. ते नाव लॅटिनमधील गवत या अर्थाच्या शब्दावरून आले असून त्याचा अर्थ गवताची कुरणे असा आहे, आणि त्यात लिहिला जाणारा ‘ह’ हा त्याच गळून गेलेल्या ‘फ’चा अवशेष आहे. म्हणजे ज्या प्रवाहाने शहराला ‘दगडांची नदी’ हे नाव दिले तो प्रवाह स्वतः गवताचा झाला, आणि दगड फक्त शहराच्या नावात उरले.

येथे मला मराठी वाचकासाठी एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते, कारण इतर अनेक भाषांच्या वाचकांना ती सवलत नाही. बहामनी, आदिलशाही आणि निजामशाही काळांत फारसीमार्गे मराठीत आलेल्या शब्दांत मोठा साठा मुळात अरबी आहे, आणि स्पेनच्या नकाशावर तोच साठा दुसऱ्या टोकाने पोहोचलेला आहे. एनारेस नदीच्या काठानेच खाली गेले की ‘आल्काला दे एनारेस’ लागते. यातील ‘आल्काला’ म्हणजे अरबी ‘अल्-कलआ’, आणि आपला ‘किल्ला’ त्याच शब्दापासून आला आहे. मालागा, आल्मेरिया येथील तटबंदीला ‘आल्कासाबा’ म्हणतात. तो ‘अल्-कसबा’, म्हणजे पुण्याच्या कसबा पेठेतील कसबा. सेविया आणि कोर्दोबा या शहरांतून वाहणाऱ्या ‘ग्वादाल्किविर’ या नदीचे नाव ‘अल्-वादी अल्-कबीर’, मोठी नदी, असे आहे, आणि तिच्यातील ‘कबीर’ हा संत कबीरांच्या नावातील ‘कबीर’, म्हणजे महान, हाच आहे. माद्रिदच्या उत्तरेकडील ‘ग्वादार्रामा’ पर्वतरांगेच्या नावात ‘रामा’ ऐकू येतो म्हणून कोणी वेगळे काही समजू नये. ते ‘वादी अर्-रमल’, वाळूची नदी असे आहे, आणि वाळूवर आकृत्या काढून भविष्य पाहण्याच्या ज्या विद्येला मराठीत ‘रमल’ म्हणतात तिचे नाव याच ‘रमल’वरून, वाळूवरून, पडले आहे. मालागातील ‘ग्वादालमेदिना’ ही शहराची, मदिनेची, नदी. ‘ग्वादालिमार’ ही तांबडी नदी. वर्गात मी स्पेनचा नकाशा भिंतीवर लावून विद्यार्थ्यांना हे शब्द शोधायला सांगतो, आणि कसबा आणि किल्ला सापडल्यावर तो देश त्यांना एकदम कमी परका वाटू लागतो. माझ्या मते ग्वादालाहाराचा अर्थ सांगण्याचे खरे मोल येथे आहे. मराठी वाचकाला या नावांच्या अर्ध्या किल्ल्या घरातच सापडतात.

मात्र ‘ग्वाद्’ दिसले की पुढचा भाग अरबीच असेल असे धरू नये. ‘ग्वादियाना’ या नदीचे रोमन नाव ‘आनास’ होते आणि अरबांनी त्यापुढे फक्त वादी लावले. पोर्तुगीजमध्ये याच ‘वादी’चे रूप ‘ओद्’, ‘ओदि’ असे झाले आहे. ‘ओदेमिरा’, ‘ओदिवेलास’ ही नावे त्याची उदाहरणे आहेत, आणि ग्वादियानाला पूर्वी पोर्तुगीजमध्ये ‘ओदियाना’ म्हणत. ‘ग्वादालुपे’चा उत्तरार्ध लॅटिनमधील लांडगा या शब्दाशी जोडला जातो, पण त्याची दुसरीही स्पष्टीकरणे दिली जातात. अशी दोन भाषांची सांगड आपल्यालाही नवी नाही. ‘पावरोटी’ या शब्दात पोर्तुगीज पाव आणि आपली रोटी एकाच वस्तूसाठी शेजारी शेजारी बसलेली आहेत. स्पॅनिशमध्ये ‘रिओ ग्वादाल्किविर’ म्हणतात तेव्हा ‘नदी मोठी नदी’ असेच म्हटले जाते आणि ते कोणालाही खटकत नाही, कारण नाव एकदा नाव झाले की त्यातला अर्थ बोलणाऱ्याच्या मनात जागा राहत नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा मेक्सिकोत आहे. प्रश्नातील प्रवासलेख मेक्सिकोबद्दल असल्याचे अनुवादकाने पाठवलेल्या उताऱ्यावरून दिसते, म्हणून हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. पश्चिम मेक्सिकोवर स्वारी करणारा नुन्यो बेल्त्रान दे गुस्मान हा स्पेनच्या ग्वादालाहाराचा होता, आणि त्याच्या जन्मगावाच्या सन्मानार्थ नव्या वसाहतीला ते नाव देण्यात आले. या माणसाने मूळ रहिवाशांवर केलेल्या अत्याचारांबद्दल त्याच्या हयातीतच तक्रारी झाल्या. त्याला अटक करून शेवटी स्पेनला परत पाठवण्यात आले. शहराच्या नावामागे असा माणूस उभा आहे, हे नावाचा इतिहास सांगताना लपवू नये, असे मला वाटते.

शहर एका जागी राहिलेही नाही. १५३२ साली क्रिस्तोबाल दे ओन्याते याने ते नोचिस्त्लान येथे वसवले, १५३३ मध्ये ते तोनाला येथे हलले, १५३५ मध्ये त्लाकोतान येथे गेले, आणि मिश्तोनच्या युद्धात स्थानिक जमातींनी दिलेल्या कडव्या लढ्यानंतर १४ फेब्रुवारी १५४२ रोजी ते आतेमाहाकच्या खोऱ्यात कायमचे स्थिरावले. शेवटची जागा ठरवताना बेआत्रिस एर्नान्देस या स्त्रीने पुरुषांच्या सभेत शिरून निर्णय घ्यायला लावला, अशी आठवण तेथे परंपरेने जपली जाते आणि शहरात तिचा पुतळाही आहे. या सर्व मुक्कामांत नाव बरोबर प्रवास करत राहिले. नोचिस्त्लानची जमीन पाहून कोणी त्याला ‘दगडांची नदी’ म्हटले नव्हते, तसेच तोनालाचीही पाहून म्हटले नव्हते. नाव स्पेनमधल्या एका नदीचे वर्णन होते, आणि मेक्सिकोत ते फक्त एका माणसाच्या गावाची आठवण झाले.

तरीही एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. शहर जेथे स्थिरावले त्या ‘आतेमाहाक’ या, मेक्सिकोतील मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेतील, नावाची फोड सामान्यतः पाणी, दगड आणि फाटा या तीन शब्दांत केली जाते, आणि तिचा अर्थ ‘जेथे दगडांमुळे पाण्याचे फाटे होतात ती जागा’ असा दिला जातो. म्हणजे अरबी नाव अर्थ हरवून ज्या जागी पोहोचले त्या जागेच्या मूळ रहिवाशांनी तिला आपल्या भाषेत जवळजवळ तेच म्हटले होते. ज्या राज्याची ही राजधानी आहे त्या ‘हालिस्को’चे नावही नाहुआत्लमधील वाळू या शब्दापासून सुरू होते. स्पॅनिश लोकांनी ते लिहिले तेव्हा त्याचा आरंभीचा उच्चार ‘श’ होता आणि पुढे तो ‘ग्वादालाहारा’मधील ध्वनीबरोबरच ‘ह’कडे आला. नुसत्या नावांच्या आधारे त्या प्रदेशाचा नकाशा काढला तर त्यात दगड, पाणी आणि वाळू एवढेच दिसेल.

वापराच्या बाबतीत पहिला प्रश्न नेहमी हा असतो की कोणते ग्वादालाहारा. आज हे नाव नुसते उच्चारले तर जगभर बहुतेकांना मेक्सिकोचे शहर अभिप्रेत असते. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख ८५ हजार होती आणि भोवतालच्या नगरांसह महानगर ५० लाखांच्या पुढे आहे. स्पेनचे ग्वादालाहारा त्यामानाने लहान शहर आहे आणि त्याच नावाच्या विरळ वस्तीच्या प्रांताची राजधानी आहे. तेथील आल्कार्रिया भागाचा मध प्रसिद्ध आहे. स्पेनमध्ये बसून कोणी ‘ग्वादालाहाराला जातो’ म्हटले तर मात्र ते जवळचेच शहर असते. कोलंबियात एका शहराचे अधिकृत नाव ‘ग्वादालाहारा दे बुगा’ आहे, पण व्यवहारात सगळे फक्त ‘बुगा’ म्हणतात. क्रीडावृत्तात ‘ग्वादालाहारा जिंकले’ असे वाक्य आले तर ते १९०६ साली स्थापन झालेल्या आणि फक्त मेक्सिकन खेळाडू घेण्याच्या परंपरेसाठी ओळखल्या जाणाऱ्या फुटबॉल क्लबबद्दल असण्याची शक्यता अधिक आहे. त्यांना ‘चिवास’, म्हणजे शेळ्या, असेही म्हणतात. १९७० आणि १९८६ च्या विश्वचषकांचे सामने या शहरात झाले, आणि २०२६ च्या यजमान शहरांतही त्याचे नाव आहे, म्हणून मराठी क्रीडापानांवर हे नाव पुन्हा पुन्हा येणार आहे.

या दोन शहरांच्या गोंधळाचा एक प्रसंग माझ्या कामात घडला. स्पेनच्या यादवी युद्धावरील एका लेखाच्या अनुवादात मार्च १९३७ च्या ग्वादालाहाराच्या लढाईचा उल्लेख होता. प्रजासत्ताकाच्या सैन्याने तेथे मुसोलिनीने पाठवलेल्या इटालियन तुकड्यांना मागे रेटले होते. संपादनाच्या टप्प्यावर कोणीतरी सद्भावनेने त्या नावाआधी ‘मेक्सिकोतील’ असा शब्द घातला आणि मी शेवटचे मुद्रित पाहिले नसल्याने तो तसाच छापला गेला. वाचकाला इटालियन सैन्य अटलांटिक ओलांडून मेक्सिकोत लढल्याचे वाटले असणार. तेव्हापासून मी पहिल्या उल्लेखात देश किंवा प्रांत स्वतः लिहितो आणि इतर कोणावर सोडत नाही. लेखात दोन्ही शहरे येत असतील तर ‘स्पेनचे ग्वादालाहारा’ आणि ‘मेक्सिकोचे ग्वादालाहारा’ असे प्रत्येक वेळी लिहिण्यात पुनरुक्ती होते, पण ती पुनरुक्ती वाचकाच्या हिताची आहे.

रहिवाशांसाठीचे शब्दही दोन्हीकडे वेगळे आहेत. स्पेनमधील माणूस ‘ग्वादालाहारेन्यो’, आणि औपचारिक लेखनात जुन्या रोमन नावावरून ‘अर्रियासेन्से’ म्हणवतो. मेक्सिकोचा माणूस अभिमानाने ‘तापातीओ’ म्हणवतो, स्त्री असेल तर ‘तापातीआ’, आणि शहराचे लाडके नाव ‘पेर्ला तापातीआ’, म्हणजे तापातीआ मोती, असे आहे. या शब्दाची व्युत्पत्ती नाहुआत्लमधील बाजारातील किंमत आणि देवघेव यांच्याशी निगडित शब्दाशी जोडली जाते. ‘तापातीओ’ला ‘ग्वादालाहाराकर’ असे रूप देण्याचा मोह मराठीत होईल, कारण पुणेकर, नागपूरकर यांच्याप्रमाणे ‘कर’ सहज लागतो. पण तसे केल्याने त्या शब्दातील स्थानिक अभिमान पुसला जातो. मी ‘तापातीओ’ ठेवतो आणि पहिल्या वेळी ‘ग्वादालाहाराचे रहिवासी स्वतःला तापातीओ म्हणवतात’ असे वाक्यातच सांगून टाकतो.

आता मराठी लेखन. आरंभीचे ‘ग्वा’ हे एकच अक्षर आहे, म्हणून ‘गुआ’ असे तोडू नये. स्पॅनिश ‘द’ दंत्य आहे आणि दोन स्वरांच्या मध्ये तो फार मऊ होतो. मराठीकडे ‘द’ असताना इंग्रजीतून आलेला ‘ड’ वापरण्याचे कारण नाही, म्हणून ‘ग्वाडालाहारा’ मला मान्य नाही. जोर उपान्त्य अक्षरावर, ‘हा’वर, येतो. त्या ‘हा’चा उच्चार स्पेनच्या मध्यभागात घशातून घासून येतो आणि उर्दूतील नुक्त्याच्या ‘ख़’च्या जवळ जातो, तर मेक्सिकोत तो सौम्य आणि ‘ह’च्या जवळचा आहे. काटेकोरपणे पाहिले तर एका शहराला ‘ग्वादालाख़ारा’ आणि दुसऱ्याला ‘ग्वादालाहारा’ लिहिता येईल, पण एकाच स्पॅनिश नावाची मराठीत दोन रूपे केली की वाचक शोधताना गोंधळतो, आणि नुक्ता मराठी मुद्रणात टिकतही नाही. म्हणून दोन्हींसाठी ‘ग्वादालाहारा’ हेच एक रूप ठेवावे. त्याच न्यायाने ‘हालिस्को’ लिहावे. ‘मेक्सिको’ मात्र मराठीत इतके रुळले आहे की त्याचे ‘मेहिको’ करण्याचा आग्रह मी धरत नाही.

विभक्तीचा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही, पण अनुवाद वाचताना अडखळायला होते ते तेथेच. मराठीत ‘सातारा’चे ‘साताऱ्यात’, ‘आग्रा’चे ‘आग्र्यात’ होते. ‘अमेरिका’ आणि ‘लंका’ स्त्रीलिंगी मानून ‘अमेरिकेत’, ‘लंकेत’ होते. आणि ‘कॅनडा’चे काहीच न बदलता ‘कॅनडात’ होते. ग्वादालाहारा ऐकायला साताऱ्यासारखे वाटते म्हणून ‘ग्वादालाहाऱ्यात’ लिहिलेले मी पाहिले आहे, परंतु असे सामान्यरूप घरच्या नावालाच शोभते. परक्या आणि कमी परिचित नावाचे मूळ रूप वाचकाला प्रत्येक विभक्तीत ओळखता आले पाहिजे, म्हणून ‘कॅनडात’प्रमाणे ‘ग्वादालाहारात’, ‘ग्वादालाहाराला’, ‘ग्वादालाहाराहून’ असे लिहावे. स्पॅनिशमध्ये हे नाव स्त्रीलिंगी चालते. मराठीत ‘शहर’ हा शब्द मनात धरून ते नपुंसकलिंगी ठेवणे स्वाभाविक आहे: ‘ग्वादालाहारा तेव्हा लहान होते’.

हे सगळे केवळ अनुवादकांच्या उपयोगाचे आहे असेही नाही. १९८७ पासून ग्वादालाहारात तेथील विद्यापीठाच्या पुढाकाराने भरणारा पुस्तक मेळा स्पॅनिश भाषेच्या जगातील सर्वांत मोठा मानला जातो, आणि २०१९ साली भारत तेथे पाहुणा देश होता. भारतीय भाषांतील लेखक आणि प्रकाशक तेथे गेले, म्हणून हे नाव आपल्याकडच्या बातम्यांतही आले. ते प्रत्येकाने वेगळे लिहू नये, एवढी माझी अपेक्षा आहे.

शेवटी भाषांतराचा मुद्दा. सर्वसाधारण मजकुरात ग्वादालाहाराचे ‘दगडांची नदी’ करू नये, कारण तेथे राहणारा माणूस नाव उच्चारताना दगडही पाहत नाही आणि नदीही; आपण कोल्हापूर म्हणताना नावाची फोड कुठे करतो? पण प्रश्नासोबत पाठवलेल्या उताऱ्यातील एक वाक्य निराळे आहे. लेखिका उन्हाळ्यातल्या पहिल्या पावसानंतर शहराच्या रस्त्यांवरून धावणारे पाणी पाहते आणि म्हणते की अरबांनी दिलेले नाव पाच शतकांनी, समुद्रापलीकडे, खरे ठरले. तिला अर्थ अभिप्रेत आहे आणि वाक्य त्यावरच उभे आहे. म्हणून तेथे तळटीप देऊन वाचकाला पानाच्या तळाशी पाठवू नये. अर्थ वाक्यातच घ्यावा. मी ते असे करीन: ‘ग्वादालाहारा, म्हणजे अरबीत दगडांची नदी, स्पेनमधून उचलून आणलेले हे नाव त्या संध्याकाळी पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर दगडी रस्त्यांवरून वाहताना मी प्रथमच पाहिले.’ मूळ वाक्यात शतकांचा उल्लेख आहे, तो पुढच्या वाक्यात नेता येईल. उताऱ्यात ‘लोंढा’ या अर्थाने आलेला शब्द मेक्सिकोत रस्त्यावरच्या पावसाच्या पाण्यासाठीही वापरतात, म्हणून तेथे ‘पूर’ लिहू नये.